माळ आणि मोबाइल

अमरावतीजवळच्या नांदगाव पेठचं संत्री पिकवणारं कुटुंब गोव्यात कळंगुटला पोचलं की पहिली तक्रार उन्हाची नसते. माळा, टोप्या घेऊन मागे लागणाऱ्यांची असते. गोवा सरकारनंही ती मनावर घेतली. 2025 साली कायदा दुरुस्त करून पर्यटकांना असा त्रास देण्यावर 5 हजार ते 1 लाख रुपये दंड ठेवला. शंभराची एक माळ धरली तर कमाल दंड हजार माळांचा! पण विक्रेत्यांचा हा चिवटपणा येतो कुठून? पावसाळ्यात किनारा ओस, कमाई हंगामातच. त्यात गिऱ्हाईक घ्यायची नसलेली वस्तू चाचपतं, तीनशेचे ऐंशी करतं, अन् ‘नको’ म्हणत चार पावलं जाऊन मागं वळून पाहतं. हे ‘नको’ म्हणजे घासाघिशीची सुरुवात, हे विक्रेत्याला आपणच शिकवलं.

कोणी म्हणेल, सुट्टीत माणसानं निवांत बसायचंही नाही का? बसावं की. हात धरणाऱ्याला, वाट अडवणाऱ्याला आवरायलाच हवं. मात्र बाकीचे नजर वळवली की पुढच्या छत्रीकडे जातात. पण कर्ज गळ्यात मारणारा फोन तसा जात नाही. असे फोन नकोत म्हणून नाव नोंदवायची सोय 2007 पासून आहे, तरी ऐन वामकुक्षीत तो वाजतोच. त्या आवाजाला आपण ‘मॅडम’ म्हणतो, माळवाल्याला अरेतुरे. आणि गावी परतल्यावर, व्यापारी संत्र्याचा भाव पाडून मागतो म्हणून तावातावानं बोलणाऱ्यांत आपला आवाज सगळ्यात मोठा.