स्टुलावर कोण बसलंय?

डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय रे?" आणि मी सांगितलं, "तीन दिवस झाले, खोकला आहे. रात्री जास्त."

विचारलं होतं मुलाला. मुलगा पंधराचा, माझ्याहून वीतभर उंच, डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर बसलेला. खोकला त्याचा, झोपमोड त्याची, उत्तर माझं. डॉक्टरांनी पुन्हा त्याच्याचकडे बघून विचारलं, "कफ पडतो का?" त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. स्वतःच्या छातीत काय चाललंय ते त्यानं मला विचारलं, आणि मी तेही सांगून टाकलं.

कुठल्याही दवाखान्यात तासभर बसा, हेच दिसेल. पोर स्टुलावर, आई उभी, बोलणारी आई. चिठ्ठी आईच्या हातात, औषधाची पिशवी आईच्या हातात, घरी गेल्यावर घड्याळ बघणारी आई. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'सामाजिक आरोग्य' नावाचा आख्खा धडा आहे. त्यावर पोर पैकीच्या पैकी मार्क आणतं आणि स्वतःचा ताप मोजता येत नाही म्हणून रडकुंडीला येतं. मग आपण त्याची बॅग भरून त्याला पुण्याला धाडतो.

थोरली लेक पुण्यात पहिल्या वर्षाला गेली त्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेअकराला फोन. "आई, ताप आलाय. कुठली गोळी घेऊ?" किती आहे ताप? "खूप." खूप म्हणजे किती, तर थर्मामीटर नाही. जवळ गोळी कुठली आहे? तिच्याकडे चार गोळ्यांचा तुकडा होता, मेडिकलवाल्यानं कात्रीनं कापून दिलेला. नाव अर्धं, एक्सपायरीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहिलेली. त्यातली एक तिनं दुपारी घेतली होती, "बहुतेक चार वाजता." संध्याकाळी रूममेटनं सर्दीची म्हणून आणखी एक दिली होती. तिचं नाव? माहीत नाही. रंग पिवळा.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. म्हणजे तापाची वेगळी आणि सर्दीची वेगळी घेतली, असं पोरीला वाटतं, आणि पोटात एकच औषध दोनदा गेलेलं असतं. धडधाकट मोठ्या माणसालासुद्धा चोवीस तासांत चार ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल चालत नाही, यकृतावर जातं. बारीक चणीच्या मुलीला त्याहून कमीच. दोन गोळ्यांत चार ते सहा तासांचं अंतर लागतं. आणि पावसाळ्यातल्या तापात अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन मनानं घ्यायचीच नाही, कारण ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. यातलं काहीही माझ्या लेकीला माहीत नव्हतं. तिला बारावीला जीवशास्त्रात ९४ होते. यकृताची आकृती ती डोळे मिटून काढायची.

तिचा काय दोष? अठरा वर्षं मी गोळी पाकिटातून काढून तिच्या तळहातावर ठेवत होते, पाण्याच्या पेल्यासकट. पाकीट तिनं कधी हातात धरलंच नव्हतं.

म्हणून आता धाकट्याच्या हातात पाकीट देते. जेवणाच्या टेबलावर, दहा मिनिटं, आजारी नसताना. मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. खाली बारीक अक्षरात असतं ते औषधाचं खरं नाव. ते वाच. पुढचा आकडा मिलिग्रॅमचा. दोन वेगळ्या पाकिटांवर बारीक अक्षरांत एकच नाव दिसलं तर थांब. डाव्या कडेनं उभी लाल रेघ आहे? मग हे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. मित्रानं दिलं तरी नाही, मागच्या वेळचं उरलेलं असलं तरी नाही. मेडिकलवाला कापून देणार असेल तर कात्री लावायच्या आधी आख्ख्या पाकिटाचा फोटो काढ. दिवसभर फोन हातात असतोच, एक फोटो त्यातला.

एवढं शिकायला त्याला तीन संध्याकाळी लागल्या. चौथ्या संध्याकाळी त्यानं घरातला औषधांचा डबा उपडा केला आणि तारीख उलटलेली सात पाकिटं माझ्यापुढे ओळीनं मांडली.

"असं शिकवलं तर पोरं मनानं औषधं घ्यायला लागतील," हे एका मैत्रिणीचं म्हणणं. अगं, ती आत्ता मनानंच घेतायत! न वाचता, रूममेटच्या हातून, रंगावरून. शिकवायचं आहे ते मुख्यतः कधी घ्यायचं नाही हे, आणि कधी उठून डॉक्टरकडे जायचं हे. ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नाही, धाप लागली, दिवसभर लघवी झाली नाही, कुठून रक्त आलं, मान वाकेना, पोटात काही ठरेना, की गोळी शोधत बसायचं नाही. निघायचं. उठवत नसेल तर १०८ लावायचा.

गेल्या महिन्यात एका शाळेत नववीच्या वर्गावर गेले होते. प्रत्येक बाकाला ओआरएसचं एकेक पाकीट दिलं आणि म्हटलं, करून दाखवा. वर्गात जुलाबाची सगळी कारणं पाठ. पण निम्म्या बाकांनी पाकीट फाडून एका पेल्यात ओतलं. त्या पाकिटावर एक लिटर लिहिलं होतं. लिटरभर पाण्याचं मीठ एका पेल्यात गेलं तर पिणाऱ्याचे जुलाब वाढतात, आणि घरातल्या लहानग्याला असं पाजलं तर जीवावर बेतू शकतं. मागच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "बाई, आमच्या घरी तांब्या आहे. त्यात लिटर मावतं का?" मला फार आवडला तो प्रश्न. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तांब्या तिचा. एक लिटरची बाटली घेऊन घरी माप आणि तांब्यावर आतून खूण कर म्हटलं. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा चहाचा. सपाट म्हणजे वरून बोट फिरवून सपाट केलेला. हे बोट फिरवणं फळ्यावर लिहून येत नाही, म्हणून सगळ्यांकडून करून घेतलं.

१९७१ साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढेच्या लोंढे पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत आले आणि कॉलऱ्यानं माणसं पटापट जाऊ लागली. सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली आणि ते पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात दिलं. पाजलं नातेवाइकांनी. शंभरातले तीसेक जात होते तिथं चाराच्या आत आले. ज्या गोष्टीनं हे झालं ती आज कुठल्याही मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळते. आणि आपली पोरं जुलाब लागले की रंगीत गोड पेयाचं खोकं आणतात, ज्यावर परवापरवापर्यंत 'ओआरएस' छापलेलं असायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ती छपाई बंद करायला लावली, हे बरं झालं. तरी खोक्यावरचं वाचायचं पोरालाच आहे.

आणि कुणी म्हणेल, एवढ्याशा वयात कसं जमणार? माझ्या मावसबहिणीचा मुलगा बारा वर्षांचा आहे. नवव्या वर्षी त्याला टाइप वन मधुमेह निघाला. तो इन्शुलिन स्वतः टोचून घेतो, रोज जागा बदलून. इन्शुलिन उन्हात राहणाऱ्या दप्तरात ठेवत नाही. पंगतीत बसायच्या आधी वाढणाऱ्याला विचारतो, पुऱ्या किती आणि खीर आहे का. हात थरथरले, घाम फुटला की बोट टोचून रक्तातली साखर मोजतो. ७० च्या खाली आकडा गेला की तीन चमचे साखर पाण्यात घालून पितो आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजतो. खिशात साखरेची पुडी असते. शेजारच्या बाकावरच्या मित्रालाही त्यानं शिकवून ठेवलंय. तो काही चमत्कारी मुलगा नाही, चौथीत त्याला पाढे येत नव्हते. त्याला कुणीतरी बसून, न रागावता, शंभर वेळा शिकवलं. आपल्या धडधाकट मुलांच्या वाट्याला ते शंभरातलं एकदाही येत नाही.

शाळेत मिळणाऱ्या निळ्या गोळीचं तेच. लोहाची, आठवड्याला एक. देशात १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींत ५९ जणींना रक्तक्षय आहे, मुलांतही ३१ जणांना, हे सरकारी पाहणीतले आकडे. गोळी फुकट मिळते आणि खिडकीबाहेर जाते. का? उपाशीपोटी घेतली की मळमळतं, आणि शौचाला काळी होते म्हणून पोरं घाबरतात. कुणी आधी सांगितलं असतं की काळी होणारच, जेवून घे, वर लिंबू पिळलेलं काही खा आणि लगेच चहा पिऊ नको, तर गोळी पोटात गेली असती. पाळीचंही असंच. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, तारीख कॅलेंडरवर लिहायची, दर तासाला पॅड भिजत असेल तर सांगायचं. हे सांगताना मुलांना वर्गाबाहेर काढू नका. उद्या त्यांच्याच बहिणीला मेडिकलमधून आणून द्यायचं आहे.

मनाचं दुखणं पोर आईला सांगेलच असं नाही, म्हणून त्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर त्याच्या फोनमध्ये आत्ता घालून द्या: १४४१६, टेली-मानस. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. सरकारी रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं. २०१४ पासून त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात ते कुठल्या वारी, कुठल्या खोलीत भरतं, एकदा पोराला घेऊन जाऊन बघून या. दार ओळखीचं असलं की पुढच्या वेळी एकट्याला उघडता येतं.

परवा धाकट्याचा घसा पुन्हा बसला. दवाखान्यात नंबर आला तेव्हा मी बाकावरच राहिले. त्याच्या हातात कागद होता: ताप कधी, किती, गोळी कुठली, किती वाजता. पडदा पातळ होता. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "आई कुठे?"

"बाहेर आहे."

मग बराच वेळ काही ऐकू येईना. मी पिशवीचा बंद घट्ट धरून बसले होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, जा ना आत. मी गेले नाही. मग आतून त्याचा बसलेला, घोगरा आवाज आला, "परवा रात्रीपासून दुखतंय. गिळताना. डाव्या बाजूला जास्त." डावी बाजू मला माहीत नव्हती.