नाकासमोर दक्षिण

नाशिकचा विमानतळ ओझरला आहे आणि पुण्याचा लोहगावला. या दोहोंतले हवाई अंतर सुमारे १७० किलोमीटर. दोन्ही जवळजवळ एकाच रेखावृत्तावर बसल्यामुळे ते काढायला शाळेतला भूगोल पुरतो. अक्षांशांत फरक साधारण ९२ मिनिटांचा. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. गुणाकार करावा आणि नाक दक्षिणेला धरावे.

वाटेत उजव्या हाताला जुन्नर आणि शिवनेरी, डाव्या हाताला नारायणगाव आणि अष्टविनायकांतल्या विघ्नहराचे ओझर. एका ओझरहून उडालेले विमान थोड्याच वेळात दुसऱ्या ओझरापाशी येते. त्यामुळे नवखा प्रवासी बिचकल्यास त्याला दोष देता येत नाही. पुढे आळंदी. तिथली भिंत चालली तेव्हा चेक-इन काउंटर नव्हता, हे नोंदवलेले बरे.

वेळेचा हिशेब इतका सरळ नाही. एटीआर-७२ जातीचे पंख्याचे विमान ताशी पाचशेच्या आसपास जाते, म्हणजे १७० किलोमीटरला वीस मिनिटे. उत्तर बरोबर, पण कामाचे नाही. विमानाला चढायचे असते, उतरायचे असते आणि मुख्य म्हणजे वळायचे असते. विमान वाऱ्याकडे तोंड करून उडते आणि उतरते. आपल्याकडचा मोसमी वारा पश्चिमेचा, म्हणून दोन्ही ठिकाणच्या धावपट्ट्या पूर्व-पश्चिम. परिणामी दक्षिणेला निघालेले विमान आधी तावातावाने भलतीकडे धावते, वर गेल्यावर वळते आणि पुण्याजवळ पुन्हा आडवे होते. त्यात लोहगाव हा वायुदलाचा तळ. प्रवासी विमान तिथे पाहुणे; यजमान सरावाला निघाले की पाहुण्याने थांबायचे.

वेळापत्रकात छापतात तो वेळ चाकांचे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा असतो. या मार्गाला तो पाऊण ते एक तास धरावा. कंपन्या त्यात थोडी ढील ठेवतात, म्हणजे उशिरा सुटूनही वेळेवर पोहोचल्याची घोषणा करता येते.

खरा प्रवास जमिनीवर. नाशिकहून ओझर वीसेक किलोमीटर, तेही ईशान्येला. पुण्याला निघालेला माणूस आधी पुण्यापासून लांब जातो. काउंटर तासभर आधी बंद होतो. लोहगावला उतरून कोथरूड गाठायचे तर आणखी एक तास. सगळे मिळून चारेक तास. रस्त्याने सिन्नर, संगमनेर, राजगुरुनगर करत २१० किलोमीटरना पाच तास, आणि चाकणला कोंडी असेल तर चाकण ठरवेल तितके.

उडान योजनेत इथे थेट सेवा सुरू झाली आणि बंदही पडली. थेट विमान नसेल तेव्हा संकेतस्थळे निर्विकारपणे हैदराबादमार्गे तिकीट सुचवतात. हे अंतर हवेतून सुमारे १,०७५ किलोमीटर, म्हणजे सरळ वाटेच्या सहापट. नाशिककर एवढ्या वेळात एसटीने पुण्याला जाऊन, जेवून, पुण्याच्या जेवणाला नावे ठेवून परत येतो.

या मार्गाचा हक्काचा प्रवासी म्हणजे सुखोई-३०. ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये तयार झालेल्या या विमानांचे बिऱ्हाड लोहगावलाही आहे. कमाल वेग ताशी २,१०० किलोमीटरच्या घरात. त्या वेगाने पुणे पाच मिनिटांवर. आसने मात्र दोनच, आणि दोन्हींवर गणवेश लागतो.