त्रेसष्ट घरांतली आई

ज्या डोंबिवलीकराने तेहेतीस वर्षं लोकलमधल्या तिघांच्या बाकावर ‘जरा सरकून घ्या’ म्हणत चौथी सीट मिळवली, त्याला ‘एका वेळी एकाच चौकोनात बघा, शेजारच्या चौकोनात डोकावू नका’ असं सांगणं म्हणजे थट्टाच आहे. पण निवृत्त माणूस काहीही ऐकतो. मीही ऐकलं.

निमित्त आईच्या फोटोचं. तिचा एकटीचा असा आमच्याकडे एकच फोटो आहे, कुठल्याशा फॉर्मवर लावायला काढलेला, पासपोर्टच्या आकाराचा. बाकी सगळ्या फोटोंत ती कुणाच्या तरी मागे उभी, नाहीतर कुणाला तरी वाढताना. झेरॉक्सवाल्याने सरळ विचारलं, “काका, मोठी करून देऊ का?” मी दुखावल्यासारखा चेहरा केला. ‘आहे तेवढीच दे,’ म्हटलं. शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेला वस्तुचित्रात मी तांब्या काढला होता. तो इतका कलंडला होता की पाणी सांडेल या भीतीने शेजारच्या मुलाने आपला पेपर सरकवून घेतला. तो हिशेब मला या वयात, आईचा फोटो चौकोन पाडून हाताने मोठा काढून, चुकता करायचा होता.

कृती अगदी सोपी, साबुदाण्याच्या खिचडीइतकी. म्हणजे सांगायला सोपी. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरच्या चित्रावर अर्ध्या सेंटिमीटरचे चौकोन पाडायचे. आडवे सात, उभे नऊ, एकूण त्रेसष्ट. (मी पट्टी मूळ फोटोवरच ठेवली होती. “अहो, झेरॉक्स कशाला आणलीत मग?” म्हणत हिने वेळेवर हात धरला.) मग ए-थ्री कागदावर तेवढेच चौकोन चार-चार सेंटिमीटरचे, टू-एच पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने, म्हणजे नंतर खोडताना कागदाला चर राहत नाहीत. वरच्या कडेला अ, आ, इ, ई. बाजूला १ ते ९. आता ‘इ-५’मध्ये जे दिसतं ते मोठ्या ‘इ-५’मध्ये काढायचं. चित्र आठपट होतं, आणि चूकही. झेरॉक्सवर अर्ध्या मिलिमीटरने नजर हुकली, की कागदावर चार मिलिमीटरचा घोटाळा.

ही युक्ती फार जुनी. प्राचीन इजिप्तचे चित्रकार उभा माणूस तळव्यापासून कपाळावरच्या केसांपर्यंत १८ चौकोनांत बसवत. इटलीत आल्बेर्तीने १४३५ साली चित्रकाराने समोर पातळ विणीचा पडदा टांगून त्याच्या उभ्या-आडव्या धाग्यांतून बघावं असं लिहिलं. आम्ही तसाच पडदा बारा महिने खिडकीला लावतो, पण तो डासांसाठी. जर्मनीच्या ड्यूररने तर मापनशास्त्रावर पुस्तकच लिहिलं. त्याच्या १५३८च्या आवृत्तीत एक गमतीचं चित्र आहे. पलीकडे एक बाई लवंडलेली, अलीकडे चित्रकार ताठ बसलेला, आणि दोघांच्या मध्ये चौकोनी जाळीची चौकट. ते पाहून मी गॅलरीत गेलो. आमच्या गॅलरीला ग्रिल आहे, डोंबिवलीत कुणाच्या नसतं? मी एक डोळा मिटून समोरच्या बिल्डिंगकडे पाहिलं. एका चौकोनात तुळस, एकात पाण्याच्या टाकीचा कोपरा, एकात वाळत घातलेल्या लेंग्याचा एकच पाय. चोराच्या भीतीने एवढा खर्च करून आपण अख्ख्या गावभर चित्रकलेचं साहित्य बसवून घेतलंय, आणि त्यावर पायपुसणी वाळत घालतोय.

आणि लांब तरी कशाला जायचं? कल्याणच्या चाळीत आमच्या दाराशी रोज सकाळी हेच चाले. आईकडे रांगोळीचा कागद होता. जाड, तपकिरी, उदबत्तीने भोकं पाडलेला. भोकांच्या कडा काळ्या पडलेल्या, आणि कागदाला बारा महिने चंदनाचा वास. तो सारवलेल्या तुकड्यावर ठेवायचा, वरून रांगोळी पसरून तळहात फिरवायचा आणि कागद दोन्ही हातांनी सरळ वर उचलायचा. तिरका उचलला की ठिपके पुसलेच. मग पंधरा ठिपके, पंधरा ओळी, आणि ती मोजायला लागली की घरात कुणी तिच्याशी बोलायचं नाही. एक ठिपका चुकला तर कमळाची पाकळी शेजारणीच्या उंबऱ्यात जाई. एवढं असून आपल्याला चित्र काढता येतं, असं ती जन्मात कधी म्हणाली नाही.

असो. चौकोनात काम करताना नाक हे नाक नसतं. डाव्या कडेवरून निघून खालच्या रेघेला मध्याच्या थोडं अलीकडे टेकणारी ती एक वाकडी रेघ असते. दोन पुठ्ठे एल आकारात कापून बाकीची घरं झाकली, की हे जमतं. तरी माझी तेहेतीस वर्षांची सवय नडलीच. नजर शेजारच्या घरात सरकली, एक ओळ मोजायची राहिली आणि कान गालाच्या खाली आला. खोडला, पुन्हा काढला, पुन्हा तिथेच. आमचे शेजारी बघून म्हणाले, “मॉडर्न आर्ट का?”

पण खरा पेच कपाळावर पडला. ई-३मध्ये कुंकू होतं, आणि ते घराच्या मधोमध नव्हतं. उजव्या रेघेला जवळजवळ टेकलेलं. मला वाटलं, झेरॉक्स सरकली असेल. मूळ फोटो भिंगाखाली पाहिला, तर तिथेही तसंच. म्हटलं, आपण सुधारून घेऊ. कंपास लावला, नाकाच्या बरोबर वर, मधोमध, गोल, ठसठशीत कुंकू काढलं आणि हिला हाक मारली.

तिने हात पुसत पुसत पाहिलं. “छान आहे हो. कोण ह्या?”

मी काही बोललो नाही. मुकाट्याने झेरॉक्स पुढे केली.

“अगंबाई, आई होय!” ती म्हणाली. “पण कुंकू असं कुठे असायचं त्यांचं? त्या आरसा बघायच्या कधी? एक बोट करंड्यात आणि दोन्ही डोळे दुधावर.”

चाळीस वर्षं समोर बसून जेवलो, आणि हे मला ठाऊक नव्हतं. स्मरणचित्राच्या पेपरातही माझं काय झालं असेल, ते आता ध्यानात आलं. कंपास ठेवून दिला. कुंकू खोडलं आणि बोटानेच, न बघता म्हणावं तसं, ई-३च्या उजव्या रेघेजवळ टेकवलं.

कान मात्र अजून एक घर खालीच आहे. चार वेळा खोडून तिथला कागद इतका पातळ झालाय की पाचव्यांदा खोडरबर लावला तर आरपार दिसेल. राहू दे. स्वयंपाकघरात कुकरच्या तीन शिट्ट्या होत असतानाही, बाहेर मी मित्राशी काय कुजबुजलो ते आईला ऐकू यायचंच.