बापूंचा नॉइज फ्लोर

बापूंच्या घरी बेल वाजवायची नाही. दाराला कान लावायचा. आत चिडीचूप असेल तर टेस्ट चालू आहे असं समजून जिन्यात उभं राहायचं. आवाज येत असेल तर बापू घरी नाहीत.

असा एक तुमच्याही ओळखीत असतोच. घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचं त्याच्या मनात येतं, त्यासाठी ऑडिओ इंटरफेस लागतो हे त्याला कुणीतरी सांगतं, आणि त्या दिवसापासून गाण्याचा विषय बंद होतो. आमचे बापू बँकेत आहेत. पेटी झकास वाजवतात, अभंग बरे गातात. डोंबिवलीतल्या आपल्या बेडरूममध्ये बसून दहा अभंग रेकॉर्ड करावेत, एवढीच त्यांची इच्छा. त्यासाठी हवी माइकमधला आवाज कॉम्प्युटरच्या पोटात नीट पोचवणारी एक डबी. दहा-पंधरा हजारांच्या आतबाहेर मिळते. बापू ती २०११पासून निवडताहेत.

त्या वर्षी फोकसराइटची पहिली स्कार्लेट निघाली. "पहिल्या पिढीचं काही घेऊ नये, खोडी असतात," बापू म्हणाले. २०१६मध्ये दुसरी पिढी आली. तोवर त्यांचं वाचन इतकं झालं होतं, की दुकानात गेल्यावर तेच दुकानदाराला माल समजावून सांगू लागले, आणि दुकानदाराने तो मागे ठेवून दिला. २०१९मध्ये तिसरी आली, तेव्हा "आता चौथी येईलच" असं ठरलं. ती २०२३मध्ये आली. दरम्यान बापूंची स्वतःची पुढची पिढी इयत्ता चौथीतून निघून इंजिनियर झाली आणि बेंगळुरूला नोकरीला लागली.

घोडं अडतं ते नॉइज फ्लोरवर. कुणी गात नसतं, कुणी वाजवत नसतं, तरी यंत्राच्या आत एक बारीक सळसळ चालू असते. ती कुठल्याच यंत्रात शून्य नसते. बापूंना ती शून्य हवी आहे. "उणे १२८ डेसिबल!" हा आकडा ते शेजाऱ्याने मुलाचे टक्के सांगावेत तसा सांगतात.

म्हणून बापू टेस्ट घेतात. कुणाचा तरी इंटरफेस दोन दिवसांसाठी मागून आणायचा, कंडेन्सर माइक जोडायचा, ४८ व्होल्टचं बटण दाबायचं, गेनचा, म्हणजे आवाज वाढवायचा, नॉब दोन बोटांत धरून शेवटपर्यंत पिळायचा आणि पाच मिनिटं काहीही रेकॉर्ड करायचं नाही. म्हणजे रेकॉर्डिंग चालू, पण शांततेचं. एवढा गेन ठेवून कुणाला गायचं असेल तर त्याला समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर उभं राहावं लागेल, असं मी एकदा सुचवलं. "प्रश्न गाण्याचा नाहीये," बापू म्हणाले.

टेस्टच्या आधी पंखा बंद. फ्रिजचा प्लग काढायचा. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढायचा. त्यामुळे बापूंच्या घरातलं घड्याळ कधीही बरोबर नसतं. शेवटची टेस्ट किती वाजता झाली तेवढं ते सांगतं. एका दसऱ्याला फ्रिज पुन्हा लावायचा राहिला आणि वहिनींचं दोन किलो श्रीखंड फेसाळलं. वहिनींनी त्या दिवशी जे सुनावलं, ते बेहरिंगरच्या २०२एचडीवर रेकॉर्ड झालं. बापूंनी ते मला ऐकवलं आणि म्हणाले, "बघ, प्रीॲम्पवर मिडासचं नाव आहे खरं, पण वरच्या पट्टीत फाटतो."

आणि हे सगळं कुठे, तर डोंबिवलीत. दर दोन-तीन मिनिटांनी लोकल, खाली पाण्याचा पंप, वर तिसऱ्या मजल्यावर पाटा-वरवंटा. शहरातली बंद खोली मध्यरात्रीही तीस डेसिबलच्या खाली क्वचित उतरते. यंत्राची सळसळ त्याखाली कुठल्या कुठे बुडून जाते. हे बापूंना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून तर ते रात्री अडीचला टेस्ट घेतात.

एकदा त्यांना १९२ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचं, म्हणजे सेकंदाला आवाजाचे तेवढे हजार नमुने घेण्याचं, वेड लागलं. सीडीला ४४.१ पुरलं, कारण त्याच्या निम्म्यापर्यंतचा आवाज त्यात मावतो, आणि माणसाचा कान २० किलोहर्ट्झपुढे जातच नाही आणि पन्नाशीनंतर तेवढाही नाही. बापूंच्या आई आत मेथी निवडत होत्या. त्यांनी तिथूनच सांगितलं, "अरे, मी स्वयंपाकघरातून हाक मारते ती याला ऐकू येत नाही."

मी म्हटलं, "बापू, १९०२मध्ये गौहर जानने कोलकात्यात रेकॉर्डिंग केलं तेव्हा माइकसुद्धा नव्हता. भोंग्यात तोंड घालून तीन मिनिटांत गाणं संपवलं आणि शेवटी स्वतःचं नावही सांगितलं. शंभर वर्षांनंतरही लोक ऐकताहेत."

बापूंनी शांतपणे विचारलं, "त्या रेकॉर्डचा नॉइज फ्लोर ऐकलायस?"

गंमत अशी, की हाच माणूस दुसऱ्यासाठी दोन मिनिटांत निर्णय देतो. बी विंगमधल्या एका मुलीला अभंग रेकॉर्ड करायचा होता. बापू म्हणाले, "एकटी गाणार ना? मग स्कार्लेट सोलो घे. उरलेल्या पैशात बरी केबल आणि स्टँड घे. साड्यांचं कपाट उघडं टाक, त्याच्याकडे तोंड करून गा, मागे गोधडी लटकव. गेनच्या भोवतीचं कडं हिरवं राहू दे, लाल झालं की कमी कर. झालं." स्वतः जाऊन गोधडी बांधून आले. मुलीचा अभंग सुरेख झाला. त्यात लोकलही आहे, पण गाणं सुरू झाल्यावर ती कुणाच्या लक्षात येत नाही. बापूंच्याही आली नाही. ते डोळे पुसत होते.

तेव्हा मला संशय आला, की या माणसाला सगळं कळतं. फक्त इंटरफेस घेतला की मग गावं लागणार, आणि त्यानंतर खोट निघाली तर ती कुठल्याच कंपनीवर घालता येणार नाही.

मागच्या महिन्यात त्यांनी मला आपला साठा दाखवला. कॉम्प्युटरवर 'शांतता' नावाचा फोल्डर, त्यात प्रत्येक यंत्राची फाइल, तारखेसकट. पण निम्म्याहून जास्त फायलींच्या नावापुढे लिहिलेलं: 'बाद - आई'. मी एक लावायला सांगितली. आधी सळसळ, मग भांड्याचा आवाज, मग लांबून, भिंतीपलीकडून, आईंचं भोंडल्याचं गाणं. गेन शेवटपर्यंत पिळलेला, त्यामुळे धाप लागून मध्येच घेतलेला श्वाससुद्धा स्पष्ट. मोटू कंपनीच्या इंटरफेसवर एक ओवी होती, स्कार्लेटवर नातीच्या नावाने रचलेलं काहीतरी. अडीच वाजता म्हातारीला झोप येत नसे, आणि मुलगा जागा आहे हे तिला दाराखालच्या उजेडावरून कळत असे.

"बाद आहेत तर पुसल्या का नाहीत?"

"डिस्कवर जागा आहे," बापू म्हणाले.

आईंना आता दम पुरत नाही. गाणं बंद आहे. चौथ्या पिढीच्या टेस्टमध्ये एकही फाइल बाद झाली नाही. नॉइज फ्लोर फार सुंदर आला. बापूंनी तो आकडा मला सांगितला नाही, मीच पडद्यावर वाचला.

तेव्हा तुम्हाला इंटरफेस घ्यायचा असेल तर ऐका. एक गळा असेल तर एक माइक इनपुट पुरतो, पेटी-तबला सोबत असेल तर दोन घ्या. ४८ व्होल्टचं बटण असावं, हेडफोनची जागा असावी. या किमतीतले सगळे चांगले आहेत; अडलंच तर बापूंना विचारा, दोन मिनिटांत सांगतील. आणि घरी आणल्यावर टेस्ट घ्यायचीच असेल, तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला माइकसमोर बसवून घ्या. पंखा चालू राहिला तरी चालेल.