वज्रज्वालेची कैफियत

फौजदारी कायद्याचे मला जे थोडेबहुत ज्ञान आहे, ते महसूल खात्यात हयात घालवून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या यजमानांच्या सहवासात, इच्छा असो वा नसो, कानांवरून जाता जाता साचलेले आहे. आणि त्याच ज्ञानाच्या आधारे मी असे म्हणण्यास धजते की, घोरणे हा एकच गुन्हा असा आहे, ज्यात आरोपी मौजे मजकुरी देहाने हजर असूनही गैरहजर असतो, फिर्यादी हाच एकमेव साक्षीदार असतो, आणि सकाळी सुनावणीच्या वेळी आरोपीचा चेहरा निष्पाप व फिर्यादीचे डोळे तांबारलेले असल्यामुळे तिऱ्हाइताला संशय येतो तो फिर्यादीचाच.

आमच्या यजमानांचे म्हणणे तर याहून पुढचे. ते घोरत नाहीत इतकेच नव्हे, तर ते मुळी झोपतच नाहीत. “अगं, मी रात्रभर जागाच होतो. बाराचे ठोके ऐकले, दोनचे ऐकले,” असे ते चहाची बशी ओठांशी नेत सांगतात. आमच्या घरातले ठोक्यांचे घड्याळ बंद पडून युगे लोटली आहेत. पण प्रतिवादीच्या जबानीतील असल्या विसंगती दाखविण्याचा अधिकार रात्रभर जागलेल्या माणसाच्या वाणीत उरत नाही.

वास्तविक दिवा मालवल्यापासून त्यांचा डोळा लागेपर्यंत जो अवधी जातो, तेवढ्यात मला उशीचा अभ्रा सारखा करणेही साधत नाही. आरंभी ओठांच्या कोपऱ्यातून नुसतीच एक ‘फू’ निसटते. तिच्या मागोमाग नाकात बारीक शीळ उमटते. मग ती शीळ घशात उतरते, तिला खर्जाची जोड मिळते, आणि उशाशी ठेवलेल्या तांब्यावरचे फुलपात्र किणकिणू लागले म्हणजे मी समजते की, आता हे स्थिरावले. यामागचे शरीरशास्त्र फार सरळ आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, उताणे निजल्यास जीभ मागे ढळते, श्वासाची वाट अरुंद होते, आणि त्या चिंचोळ्या वाटेने जाणारी हवा मृदू तालूला व पडजिभेला थरथरवीत जाते. एवढीशी ती पडजीभ! जागेपणी जी आरशातही धड दिसत नाही, तिने रात्री असा अंमल बसवावा, हे मला अजूनही नवल वाटते.

या विषयात आपल्या आदिकवीनेही एका स्त्रीवर अन्यायच केला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कुंभकर्णाची निद्रा, ब्रह्मदेवाच्या वचनाने तिला पडलेली सहा महिन्यांची मुदत, त्याच्या गुहेत शिरणाऱ्या राक्षसांना मागे लोटणारा त्याचा तो प्रचंड निःश्वास, हे सारे वाल्मीकींनी सविस्तर वर्णिले. परंतु ज्या निःश्वासाने धडधाकट राक्षसांचे पाय उखडले, त्याच्या शेजारी आयुष्य कंठणाऱ्या वज्रज्वालेचा उल्लेख उत्तरकांडात येतो तो केवळ बळीची दौहित्री म्हणून, लग्न लागल्यापुरता. तिला झोप कशी लागत असे, हे विचारावेसे कोणाही ऋषीला वाटले नाही. मंदोदरी घराघरांत ठाऊक आहे; वज्रज्वालेचे नाव शंभरांत एकालाही सांगता यायचे नाही.

तेव्हा तिच्या वतीने म्हणा, किंवा माझ्या, मी उपाय आरंभिले. गाईच्या तुपाचे नस्य झाले. त्याने नाक मोकळे झाले, आणि आवाजाला पूर्वी नसलेली एक प्रकारची गोलाई आली. माझ्या कानांत कापसाचे बोळे झाले. त्याने सकाळी दूधवाल्याची हाक तेवढी ऐकू येईनाशी झाली. कुशीवर निजणाऱ्याचे घोरणे कमी होते असे कळल्यावरून मी त्यांच्या बंडीला पाठीमागे एक खिसा शिवून त्यात नातवाचा टेनिसचा चेंडू घातला, जेणेकरून उताणे होताच तो रुतावा व त्यांनी वळावे. ही युक्ती माझी नव्हे, डॉक्टर मंडळींतही ती मान्य आहे. मात्र महसूल खात्यातील पाठीची सहनशक्ती तिच्या कर्त्याने विचारात घेतलेली नसावी. चेंडू दबून चपटा झाला, आणि नातवाने मात्र नुकसानभरपाईदाखल नवीन बॅट वसूल केली.

मुलाने एकदा मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकविले. यजमानांनी चष्मा लावून ते संपूर्ण ऐकले (ऐकण्यासाठी चष्मा लावणारी पिढी आता थोडीच उरली आहे) आणि म्हणाले, “आवाज मोठा आहे, यात वाद नाही. पण तो माझाच, कशावरून? यावर ना तारीख, ना पंचांच्या सह्या.”

पंच मिळाले ते महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये. साताऱ्याहून आम्ही रात्री मुंबईस निघालो, आणि पहाटे डब्यातील झाडून सारी मंडळी उठून बसलेली, एकमेकांकडे पाहत मंद हसत असलेली मला आढळली. समोरच्या बाकावरील गृहस्थ अत्यंत अदबीने म्हणाले, “काका, झोप बरी लागली ना?” त्यावर यजमान प्रसन्नपणे उद्गारले, “छे हो! गाडीत कसली झोप? रात्रभर डोळ्याला डोळा नाही.” डब्यात जी शांतता पसरली, तीत मी कल्याण स्थानकावरील एकूण एक पाट्या वाचून काढल्या.

परंतु खरी गोष्ट अशी की, मला जागविले ते त्यांच्या घोरण्याने नव्हे. त्याची सवय माणसाला होते. जागविले ते न घोरण्याने. खर्ज रंगात आलेला असताना एकाएकी तो मध्येच तुटे. छाती हलत असे, पण श्वासाचा पत्ता नसे. मी अंधारात कोपरावर उठून त्यांच्या नाकाखाली बोट धरीत असे. आणि ‘अहो’ अशी हाक माझ्या घशाशी येते न येते तोच एक मोठा आचका देऊन पुन्हा सारे सुरळीत चालू होई. ज्या आवाजाच्या नावाने मी दिवसभर बोटे मोडीत असे, त्याचीच रात्री अशी वाट पाहणे, ही अवस्था कोणत्याही कायद्यात बसत नाही.

डॉक्टरांनी मात्र माझी तक्रार मध्येच न तोडता ऐकली. श्वास असा अडखळत राहिला की झोप वरवरची होते, रक्तदाब वाढतो, आणि माणूस दिवसा पेंगतो, असे त्यांनी सांगितले तेव्हा मला डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधील तो दारात उभ्या उभ्या झोपणारा लठ्ठ पोरगा आठवला, 1836-37 मधल्या त्या पोरावरून पुढे 1956 साली डॉक्टरांनी एका विकाराला नावही दिले. आमच्याकडे दुपारी वर्तमानपत्र छातीवर पसरून जी निद्रा होई, ती वयपरत्वे आहे, असा आमचा समज होता.

मग रुग्णालयात एक रात्र अंगभर तारा लावून तपासणी झाली. श्वास ताशी किती वेळा अडतो याचा आकडा काढतात. तो तीसच्या वर गेला की विकार तीव्र. आमचा तीसच्या बराच वर निघाला. उभ्या संसारात माझ्या तोंडी फिर्यादीने जे साधले नाही, ते त्या सहीशिक्क्याच्या कागदाने क्षणात साधले. यजमानांनी अहवाल दोनदा वाचला, पृष्ठांकन तपासले, आणि म्हणाले, “मी घोरतो, असे दिसते.”

तथापि डॉक्टरांनी सुचविलेल्या यंत्राची किंमत ऐकताच त्यांनी पर्याय शोधला. ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे डिजेरिडू नावाचे लांब लाकडी वाद्य फुंकल्याने घशाचे स्नायू बळावतात व घोरणे घटते, असे स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी 2006 साली दाखविले होते. त्यांना 2017 साली इग्नोबेल पारितोषिक मिळाले, आणि तेही (वज्रज्वालेच्या आत्म्यास बरे वाटावे) शांततेचे! पुढे जयपूरच्या डॉक्टरांनी शंखावर तसाच प्रयोग केल्याचे वाचताच यजमानांनी देवघरातला शंख हस्तगत केला. पहाटे पाच वाजता शंखध्वनी आणि रात्री पूर्ववत खर्ज, असा दुहेरी कारभार शेजाऱ्यांनी शिष्टमंडळ पाठवीपर्यंत चालला. डॉक्टर म्हणाले, “फुंका खुशाल, पण तुमच्या आकड्याला यंत्रच पाहिजे.”

अखेर यंत्र आले. नाकावर मुखवटा बांधायचा, नळीतून हवेचा दाब सुरू करायचा, आणि त्या दाबाने घशाची वाट उघडी राहायची. 1981 साली ऑस्ट्रेलियातच कॉलिन सुलिव्हन यांनी धूळ ओढणाऱ्या यंत्राची मोटर वापरून हे प्रथम सिद्ध केले म्हणतात. नातवाने ती सोंड पाहून आजोबांना भक्तिभावाने नमस्कार केला. त्या रात्री घोरणे थांबले, आचके थांबले, आणि मी सकाळी उशिरापर्यंत निजले.

आता अडचण निराळीच आहे. रात्री पोटभर झोप झाल्यामुळे यजमान दुपारी जागे असतात. जेवणापासून चारच्या चहापर्यंतचा जो काळ आजवर वर्तमानपत्राखाली शांतपणे जात असे, ज्यात मी वाचीत असे, बहिणीशी फोनवर मनसोक्त बोलत असे, तो काळ आता त्यांनी स्वयंपाकघराच्या दप्तर तपासणीसाठी मुक्रर केला आहे. प्रत्येक डब्याला अनुक्रमांक पडला आहे. तूरडाळीपासून हिंगापर्यंत आरंभीची शिल्लक, आवक, खर्च व अखेर शिल्लक अशी वही घातली गेली आहे. आणि कालच, मी कादंबरी उघडून नुकतीच आडवी होते तोच, ते वही घेऊन दारात उभे राहिले.

“अगं, शेंगदाणे वहीप्रमाणे सव्वा किलो पाहिजेत, डब्यात एकच किलो भरतात. पाव किलोचा खुलासा दे.”

“अहो, तोंडी चालेल की लेखी?”

“लेखी,” ते म्हणाले, “आणि दोन प्रतींत.”