संत्रं खाण्याची प्राथमिक पद्धत

उत्तर इटलीत, तुरिनपासून साधारण ५० किलोमीटरवर इव्रेआ नावाचं गाव आहे. एरवी ते शहाण्यासारखं वागतं. ऑलिव्हेट्टीचे टाइपरायटर इथलेच. त्या उद्योगनगरीला २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. पण ख्रिश्चनांचे लेंटचे उपास लागण्याआधीच्या रविवारी, सोमवारी आणि मंगळवारी हेच गाव टनावारी संत्री एकमेकांच्या तोंडावर मारतं. कडाक्याच्या थंडीत. तुम्ही जायचं ठरवलंच असेल, तर पुढील सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात.

नागपूरकरांनी आपलं संत्रं डोळ्यांसमोर आणू नये. ते सैल सालीचं, मवाळ. लागलं तरी वर माफी मागेल असं. इथलं फळ दक्षिण इटलीतून येतं, घट्ट सालीचं आणि गच्च भरलेलं. 'अहो, वाया चाललंय!' असं कळवळून ओरडू नये. तोंड उघडं ठेवण्याची ती जागा नव्हे.

गावात शिरताच लाल टोपी विकत घ्यावी. घासाघीस करत बसू नये. लांब शेंड्याची ही टोपी म्हणजे 'मी यात नाही' असं जाहीर करणं. बोडक्या डोक्यावर नेम धरायची सगळ्यांना मुभा. अर्थात हा नियम माणसांनी मान्य केला आहे, संत्र्यांनी नाही. टोपीला फ्रेंच राज्यक्रांतीचा वास आहे, कारण या उत्सवामागची गोष्टही तशीच आहे: एका जुलमी सरदाराने गिरणीवाल्याच्या मुलीवर, व्हायोलेटावर, तिच्या लग्नाच्या रात्री हक्क सांगितला आणि तिने त्याचं मुंडकं उडवलं. दरवर्षी गावातली एक बाई ही व्हायोलेटा होते. शनिवारी संध्याकाळी नगरपालिकेच्या सज्जात ती येईपर्यंत तिचं नाव गुप्त असतं. लहान गावात गुप्त म्हणजे किती गुप्त, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. तिच्या रथातून जे येईल ते मात्र बिनधास्त झेलावं. गोळ्या असतात, मिमोसाची पिवळी फुलं असतात.

आता युद्ध. घोडागाड्यांतले लोक म्हणजे सरदाराचे सैनिक. त्यांना शिरस्त्राण आणि अंगात जाड गादीचे कपडे. खाली चौकात उभी ती जनता: नऊ पथकं, अंगावर पथकाचा रंगीत पोशाख, चेहरा उघडा. खालची पथकं आपसात लढत नाहीत. एवढी एकी एरवी कुठल्या जनतेत दिसावी! तुम्हाला लढायचंच असेल तर आधी एखाद्या पथकात रीतसर पैसे भरून नाव घालावं. वाटेत पडलेलं संत्रं उचलून 'एकच मारतो' म्हणू नये.

प्रेक्षकांसाठी जाळ्या लावलेल्या असतात. त्यांच्यामागे उभं राहावं, पण जाळीला नाक लावू नये. संत्रं जाळीवर फुटतं, रस आत येतो. चष्मेवाल्यांना पहिल्या पाच मिनिटांनंतर काहीही दिसत नाही. तसं होण्याआधी एक गोष्ट जरूर पाहून घ्यावी. गाडी निघायच्या बेतात असते, आणि ज्याने आत्ताच समोरच्याच्या कानशिलावर नेम धरला तो खालून हात वर करतो. गाडीतला वाकून तो हातात घेतो. उत्तम लढलास, एवढंच. मग पुढची गाडी येते आणि पुन्हा मारामारी. माझ्या मते तिकिटाचे पैसे इथेच वसूल होतात.

रस्ता म्हणजे संत्र्यांचा लगदा आणि त्यात घोड्यांची लीद. भाताच्या खाचरात चालतो तसे पाय जपून रोवावेत. पांढरे बूट घालून येणाऱ्यांना कुणी अडवणार नाही. प्रथमोपचाराची सोय असते आणि तिथे रांगही असते. डोळा सुजल्यास रांगेत उभं राहावं, घरी व्हिडिओ कॉल नंतर करावा.

शेवटी पोटाचं. मोठाल्या कढयांतून घेवडा फुकट वाटतात. शाकाहाऱ्यांनी 'कडधान्यच तर आहे' म्हणून वाटी पुढे करू नये. त्यात डुकराची चरबी आणि मांस असतं. बुधवारी, लढाई संपल्यावर, मक्याचं पोलेंटा आणि कॉड मासा मिळतो. शाकाहाऱ्यांनी पोलेंटावर भागवावं. मालवणहून आलेल्यांना काही शिकवायची गरज नाही. ते एव्हाना दुसऱ्यांदा रांगेत लागलेले असतील.