आधी वाचा, मग बोला

पुस्तक न वाचता पुस्तकावर बोलायची सवय आपल्याला परिसंवादांनी लावली. लेखकाचा परिचय, पुरस्कारांची यादी, 'आजच्या काळात या कादंबरीचं महत्त्व', आभार, चहा. ग्रंथालयातल्या वाचक मंडळांनी तरी या वाटेला जाऊ नये.

आमच्याकडे महिन्यातून एकदा दुपारी डबे घेऊन मंडळी जमतात. वाचनकक्षात खायला मनाई, म्हणून मागच्या खोलीत, जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांशेजारी. या वेळी कृष्णात खोत यांची 'रिंगाण' होती, 2023चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. धरणासाठी गाव उठतं, माणसं नव्या जागी जातात, जनावरं मागे राहतात. मागे राहिलेली म्हैस आणायला देवाप्पा परत जातो, तोवर ती रानटी झालेली असते.

पहिला अर्धा तास एकाच तक्रारीत गेला: भाषा फार अवघड. ही सबब मला मुळीच मान्य नाही. पन्हाळ्याकडची बोली म्हणजे काही परकी भाषा नव्हे. पहिली वीस पानं सावकाश, मोठ्यानं वाचा, कान सरावतो. ज्यांनी तेवढंही केलं नव्हतं, तेच सगळ्यात जास्त बोलत होते.

मग एका बाईंनी लोणच्याची बरणी बाजूला सारली आणि एसटीचं तिकीट खूण म्हणून घातलेलं पान उघडून वाचून दाखवलं. त्यांचं माहेर कोयनेच्या धरणग्रस्तांपैकी. ते धरण 1964 साली पुरं झालं आणि राज्याचा पुनर्वसनाचा कायदा आला 1976 साली. म्हणजे त्यांच्या घरच्यांनी गाव सोडलं तेव्हा हातात दाखवायला कायद्याचा कागदही नव्हता. "आजोबांनी निघताना दावी सोडली आणि गुरं डोंगराकडं हाकलली," त्या म्हणाल्या. "पुढं घरात त्या गुरांचं नाव कुणी काढायचं नाही."

यानंतर खरी चर्चा झाली. देवाप्पा शहाणा की हट्टी? एकजण म्हणाले, म्हैस हे गेलेल्या गावाचं प्रतीक आहे. बाई ताडकन म्हणाल्या, "प्रतीक कसलं? म्हैस दूध देते, त्या दुधावर घर चालतं." मी बाईंच्या बाजूनं. कादंबरीतली म्हैस आधी म्हैस म्हणून दिसली पाहिजे. तिचा अर्थ काय, ते नंतर बघता येईल. पोळ्या गार झाल्या, पण वाद प्रत्येक वेळी पानावर परत येत होता. व्यासपीठावर असं सहसा घडत नाही, कारण तिथं समोरच्याला मध्येच तोडून 'हे कुठल्या पानावर आहे?' असं विचारायची सोय नसते.

आता दोष ग्रंथालयाचा. मंडळात पंधराएक माणसं आणि पुस्तकाची प्रत एक. निम्म्यांच्या हाती ती पोचलीच नाही, मग त्यांनी वाचायचं कशातून? सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्याकडे 1967 पासून आहे, हजारो ग्रंथालयं सरकारी अनुदानावर चालतात, आणि तरी खरेदीच्या वेळी एकेका पुस्तकाची एकेक प्रत घेऊन यादी लांबवण्याकडेच कल. पुढची कादंबरी दोन महिने आधी जाहीर करा. तिच्या पाच प्रती घ्या, आठ-आठ दिवसांच्या बोलीवर फिरवा, आणि चर्चा झाली की त्याच प्रती शेजारच्या गावच्या वाचनालयाला पाठवा.